अंगठा लागत नाही

रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला,
मशीन म्हणालं, जुळत नाही.
पदराला पुसून ठेवला. दुसरं बोट, तिसरं.
दुकानदार म्हणाला,
शालनताई, रेषाच नाहीत की ओ तुमच्या हाताला.
मागची बाई हसली, मीही हसले.
तांदूळ तिथंच राहिला.

रेषा गोळ्यांनी नेल्या.
सकाळी तीन, रात्री तीन, जेवणानंतर,
चौदा दिवस. मग सात दिवस सुट्टी.

मिरजेत डॉक्टर मुजावरबाईंनी
फाइलच्या पाठीमागं मणका काढून दाखवला,
दोन ठिकाणी पेनानं ठिपके दिले.
आधीच्या गोळीनं दोन वर्षं दिली, म्हणाल्या,
आता ती दमली.
काढून टाकायचं असं काही उरलं नाही,
दाबून ठेवायचं.
दाबून ठेवायचं म्हणजे काय ते मला कळलं.
शिवण उलटून बसते, तिच्यावर आपण इस्त्री फिरवतो,
ती पुन्हा उलटते.

एक सलाईन आहे, दर आठवड्याला.
केस जातील, येतील.
बोटांची टोकं बधिर होतील,
ती येतील का, सांगता येत नाही.
किंवा गोळ्या. केस राहतील,
तळहात-तळपाय सोलतील, तोंड येईल, जुलाब होतील.
आमचे हे म्हणाले, सलाईनच लावा,
सलाईन म्हणजे औषध पोचल्यासारखं वाटतं.
मी विचारलं, सुई टोचली तर कळेल?
बाई म्हणाल्या, सलाईनवर कदाचित नाही.
गोळ्यांवर कळेल,
जरा जास्तच कळेल.

तासगावात तीस वर्षं मी बायकांची मापं घेतली.
छाती, कमर, मुंढा, टक्स.
कुणाची एक बाजू जरा मोठी
हे तिच्या नवऱ्याआधी माझ्या वहीला माहीत.
पाच वर्षांपूर्वी माझी डावी काढली
तेव्हा त्याच वहीत माझं पान काढलं,
डाव्या टक्सपुढं काही लिहिलं नाही.
मग मऊ वायलची पिशवी शिवली, आत मोहरी भरली.
पहिली फार हलकी झाली, बाही वर चढायची.
दुसरी बसली.
त्यानंतर दार लावून एक आली मणेराजुरीची,
मग एक सावळजची.
पैसे पदराच्या गाठीत, नजर माझ्या मशीनवर.

आता सॅटिन बोटांना अडकतं,
धागे ओढले जातात.
गिऱ्हाईकाचं कापड खराब नको,
म्हणून हातमोजे घालून कापते,
आणि कापताना चुकते.
रात्री मलम, वर सुती मोजे.
फरशीवर पाय टेकला की फोड जागे होतात.
बेदाण्याच्या शेडवरून गंधकाचा वास आला
की भाकरीचा घास तोंडातच फिरतो.
सासूबाई म्हणतात, तोंड आलंय, उष्णता झाली, सब्जा घे.
घेते. सब्ज्यावर माझं काही भांडण नाही.

सुई आसमा ओवून देते, पाच-पाच एकदम,
उशीवर रांगेत टोचून ठेवते.
परवा तिनं विचारलं, काकू, हे किती दिवस?
चालेल तोवर, म्हटलं.
ती म्हणाली, गोळ्या की तुम्ही?
मग दोघीही गप्प बसलो,
आणि तिनं उगीचच बॉबिन भरायला घेतली,
आधीच भरलेली.

दुकानदार म्हणतो डॉक्टरचं पत्र आणा,
ठसे औषधानं गेले असं लिहून.
बाईंनी दिलं, शिक्का मारून.
मी ते दोनदा वाचलं.
शाळेत गैरहजेरीची चिठ्ठी न्यायचे, तसलंच.
माझा अंगठा रजेवर आहे,
कृपया तांदूळ द्यावा.

आज सुट्टीचा सहावा दिवस.
कातडी जरा धरलीय,
उजेडात धरलं तर एखादी वळी दिसल्यासारखं वाटतं.
पण आज रेशनला जात नाही.
सावळजची संध्याकाळच्या एसटीनं येणारे,
भाचीचं लग्न आहे, हिरवा खण घेऊन दिलाय.
उजवा टक्स साडेतीन.
डावीकडं दोनशे ग्रॅम.
आसमा, मोहरी चाळून ठेव,
खडा नको राहायला,
आणि काटा आण.