शेऱ्याचा रकाना

ताहाराबादला चहा घेतला तेव्हा सात वाजले होते.
टपरीमागे डाळिंबाचे क्रेट, क्रेटांवर क्रेट,
आणि माझ्या मांडीवर एका जुन्या वहीची झेरॉक्स,
पुण्याहून मागवलेली, अडीच महिने पत्रव्यवहार करून:
'ठाणे क्रमांक नऊ. खडकावर वर्तुळ, मध्ये टिंब.
मुल्हेरपासून पुढे चढ. वाट नाही.'

वाट नाही असं लिहिणारा
वाटेनंच गेला असणार.
त्याच्या कितीतरी आधी बैल गेले होते इथून
घाट उतरून, मिठाला.
खडकात त्यांच्या खुरांनी पाडलेल्या खोबण्या
झिप्रूने गाडी थांबवून दाखवल्या.
मी एकीत पाऊल ठेवून पाहिलं.
बसलं नाही.

हरणबारीचं पाणी मागे पडलं
तसा डांबराचा धीर सुटला.
आधी कुरतडलेल्या कडा, मग नुसती खडी, मग ते,
ज्याला झिप्रू गावित रस्ता म्हणतो
आणि मी म्हणत नाही.
उजवीकडे वाळलेली कारवी. डावीकडे काहीच नाही.
पहिल्या गिअरमध्ये बोलेरो कण्हत होती.
मोहाखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बायकांनी
मान वर केली नाही.

'मोजायला आलात का, बाई?'
'मोजलेलं बघायला.'
'का? मोजलं ते बरोबर नव्हतं?'
भूमापनात एकतीस वर्षं झाली,
निवृत्तीला चार महिने राहिलेत,
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

वहीत सगळं आहे:
साखळी, तंबू, दिव्याचं तेल, साहेबाची कोंबडी सहा.
पेटीचं वजन दोन वेळा लिहिलंय.
पेटी वाहणारे खलाशी सोळा.
नावं नाहीत.
'चौदा तारीख. धुकं.
पंधरा तारीख. धुकं.
सोळा तारीख. एक इसम दरीत. यंत्र सुरक्षित.
सतरा तारीख. आकाश स्वच्छ. सर्व कोन घेतले.'

घरी, पंख्याखाली, मी त्या कोनांची बेरीज केली होती.
एका विकलेचीही चूक निघाली नाही.
तेव्हा बरं वाटलं होतं.

मग एका वळणावर झिप्रूने हॉर्न वाजवला.
लांब, दोनदा.
समोर कुणी नव्हतं, एक साधी शेळीसुद्धा.
'पेटीवाल्यासाठी,' तो म्हणाला.
'आजा हाळी द्यायचा, त्याच्याकडे गाडी कुठली.
पाठीवर वजन असलं की माणूस खालीच बघतो,
समोरचं दिसत नाही त्याला.
आपणच आधी कळवायचं, की येतोय,
जरा कडेला हो, बाबा.'
'कोण होता तो?'
'ते नाही माहीत.
आहे एवढं माहीत.'

ठाणं सापडलं. साडेअकरा वाजले होते.
दगडफुलाखाली वर्तुळ, नखानं खरवडलं तर टिंब.
कुणीतरी नागलीचे चार दाणे ठेवले होते त्यात,
मुंग्या दोन नेत होत्या.
सॅल्हेरचा माथा समोर, निळा, कोरडा,
पलीकडे डांगचं रान उताराला लागलेलं.
माझ्या यंत्राने उपग्रह शोधले, अकरा,
आणि आकडे दिले.
झिप्रू सावलीत बसून भाकरी खात होता.
त्याने अर्धी पुढे केली. मिरची जहाल होती.

फॉर्मवर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो,
बोटभर.
'ठाणे सुस्थितीत', एवढं लिहायचं, सही करायची.
मी पेनाचं टोपण काढलं,
लावलं.

उतरताना ते वळण आलं तेव्हा
झिप्रू फोनवर कुणाशी तरी बोरिंगच्या मोटारीबद्दल भांडत होता.
मी हात लांबवून बटण दाबलं.
वाजलं नाही.
'जोरात दाबा,' फोन न सोडता तो म्हणाला,
'डाव्या बाजूनं, अडकतं ते.'