आंब्याखालची

रात्रीचे पावणेतीन. ऐरोली, दुसरा मजला.
हॉलमध्ये अठरा अंश, माझ्या अंगात भावाचा स्वेटर.
एजंटला विचारलं,
साठवणीची धोरणं किती आहेत आपल्याकडे, बघ जरा.

कशाला, असं त्याने विचारलं नाही.
शोधलं, म्हणाला: नऊ.
मग एकेक वाचत गेला.
गोल्ड: तीन प्रती, तीन वेगळ्या रॅकवर.
सिल्व्हर: दोन.
टेस्ट-जुनं: एकच प्रत, वापरणारं कुणी नाही.
आणि मध्येच, आंब्याखालची.

दोन प्रती. एक डिस्क गेली तरी चालेल.
एकशे चौदा मशिनं अजून तिच्यावर.
'नावाचा आणि नियमाचा संबंध लागत नाही,'
त्याने प्रामाणिकपणे लिहिलं.
बनवणारा: आर. मढवी. खातं बंद.

रोहिदास मढवी.
डबा उघडला की सुक्या बोंबलाचा वास थेट सर्व्हरपर्यंत.
एकदा जिन्याच्या खिडकीतून
जनरेटरकडे बोट दाखवत म्हणाला होता,
"ती तिथं आमची आंब्याखालची. चार गुंठे.
बांध फुटून खारं पाणी शिरलं, बाकी सगळं गेलं,
तेवढा तुकडा कधी गेला नाय."
मी तेव्हा यूपीएसचा अलार्म बघत होतो.
हं म्हटलं असेन.

एजंट विचारतो: 'ब्रॉन्झ' हे नाव सुसंगत होईल, सुचवू का?
बदलायचा अधिकार मला नाही, मी फक्त वाचतो,
हेही त्यानेच पुढे जोडलं.

मला आहे अधिकार.
नावाच्या रकान्यात कर्सर बराच वेळ लुकलुकला.
त्याखाली वर्णनाची जागा मढवीने कोरीच सोडलेली.
तिथे लिहिलं: चार गुंठे. नाव बदलू नये.

खाली जनरेटरची आठवड्याची चाचणी सुरू झाली.