चाळ

स्टॉपवर उतरले तेव्हा ठकूबाईने माझी बॅग उचलून पाहिली,
म्हणाली, दगडं भरली काय हिच्यात?
आणि परत माझ्याच हातात दिली.
मळा तिथून दीड किलोमीटर.
ती पुढे, मी मागे,
बॅगेची चाकं खडीत कुरकुरत.
एकदाही वळून पाहिलं नाही तिने.

तिला आजी म्हटलेलं चालत नाही.
मोठ्याआई म्हणायचं, तेही कामापुरतं.
माझं नाव ऋजुता. ते तिच्या जिभेवर बसेना,
म्हणून मी नुसती पुण्याची.
ए पुण्याची, मोटार बंद कर.
ए पुण्याची, भाकर थापते का नकाशा काढते?
ए पुण्याची, तुझ्या बापालाबी
असंच उठवावं लागायचं.
एवढं म्हणून ती गप्प झाली
आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं.

पहिल्याच आठवड्यात आईचा फोन आला,
कोर्टाची तारीख पुढे गेली म्हणून.
मी ओट्यावर बसून रडले, आवाज न करता,
फ्लॅटमध्ये शिकले होते तसं,
शेजारच्यांना कळू न देता.
हिला मात्र कळलं. पाठ होती माझ्याकडे, तरी.
रडायचं असंल तर कांद्याच्या चाळीत जाय,
तिथं कोणी इचारणार नाय.

चाळ म्हणजे मला माणसांची ठाऊक.
ही बांबूची, वर पत्रा,
जमिनीपासून हातभर उचललेली,
वारा खालून शिरावा म्हणून.
आत माझ्या छातीइतका उन्हाळ कांदा.
मी गेले, बसले.
रडू आलंच नाही.
एक कांदा नाकाशी धरून पाहिला, दोन धरले.
काही नाही. मातीचा वास, थोडा पावसाळी.
नाक ओढत परत आले तर म्हणाली,
झालं? मग द्राक्षाच्या काड्या बांधायच्यात.

असे महिने गेले. हाताला सुतळीचे वण आले,
ते मी कोणाला फोटो काढून पाठवले नाहीत.
पाठवावेसे वाटले होते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बाबांचा फोन.
आई, चार दिवस येऊ का?
तिने विचारलं, एकटा का?
तिकडून कोणी काही बोलेना.
मग नको, म्हणाली,
आणि फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.
त्या रात्री एक भाकर जास्त झाली.
तिने ती कुत्र्याला घातली, चुरून, दुधात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुठे दिसेना.
गोठ्यात नाही, बागेत नाही, विहिरीवर नाही.
चाळीत होती. पाय पसरून बसलेली,
सडके वेगळे काढत.
पदराचं टोक ओलं.
समोरचे सगळे कांदे अख्खे.
अख्खा कांदा रडवत नाही,
ते मी जूनमध्येच शिकले होते.

मी शेजारी बसले.
सडके या घमेल्यात, चांगले त्या.
बराच वेळ.
मी काही इचारलं नाय.

आता चाळ रिकामी झालीय.
कांदा लासलगावला गेला, भावाबद्दल न बोललेलं बरं.
निफाडचा पारा चारवर उतरलाय,
मणी तडकतील म्हणून रात्री दोनला
बागेच्या ओळीओळीतून शेकोट्या.
ओला पालापाचोळा, धूर जास्त, जाळ कमी.
ती वाकून फुंकर घालते, खोकते,
डोळे मनगटाने पुसते.
मीही पुसते.
रुजे, ती ओरडते धुरापलीकडून,
मेली कुठं गेली, काडेपेटी आण!

मी जाते धावत.
काडेपेटी माझ्याच खिशात असते.