एक थांबा आधी

सकाळचे सात दहा. उणे चौदा.
मार्श्रुत्काच्या काचेवर आतून बर्फ,
त्यावर कुणी नखानं कसलीशी बेरीज करून ठेवलेली.
मी ड्रायव्हरमागच्या उलट्या सीटवर,
गुडघ्यांवर टॅब्लेट, कानटोपीत पेन्सिल.
बिश्केकच्या टोकाला दोर्दोय बाजार:
कंटेनरवर कंटेनर, खाली दुकान, वर गोदाम,
जहाजांनी टाकून दिलेलं सगळं
समुद्राचं तोंडही न पाहिलेल्या देशात.

माझा प्रश्न साधा.
घर ते दुकान किती मिनिटं, किती सोम,
आणि वाचलेल्या मिनिटाचं मोल काय.
प्रबंधात हे मिनिट फार स्वच्छ दिसतं,
कमाईच्या निम्म्या भावानं धरलेलं,
त्याला शिंक येत नाही, त्याच्या हातात पिशव्या नसतात.

एकशे ऐंशी जणींचे फोन, एकशे ऐंशी ठिपके.
सांडलेली मोहरी आपण होऊन गोळा व्हावी
तसे रोज उजाडता बाजाराकडे सरकतात.
फक्त चोपन्न नंबर
एक थांबा आधी उतरते.
भाडं तेच, वाट लांब, रोजची अकरा मिनिटं पाण्यात.
मार्गदर्शक म्हणाले, अपवाद आहे, गाळून टाक.
मी गाळला.
रात्री उठून परत घातला.

चोपन्न नंबर म्हणजे बातमा एजे,
नमद्याच्या सपाता विकते, घाऊक आणि किरकोळ.
एका मंगळवारी तिच्यामागून मीही उतरले.
ती भरभर चालली, नजर सगळी कुलपांवर.
"गुलसुनायनं उघडलं. हिनंही उघडलं.
हिचं काल बंद, आज बंद.
साठ जोड नेलेत माझे, उधारीवर.
भांडायला जाऊ? नवरा रशियात, पोर दम्याचं.
दुपारी नान घेऊन जाईन.
पैशाचं मग तीच काढेल."

मी विचारलं, हे चालणं प्रवासात मांडू की धंद्यात?
ती हसली, सोन्याचे दोन दात दिसले.
"पोरी, तुझ्या कागदाला दोनच रकाने आहेत होय?"

फेब्रुवारीत तिचा ठिपका थांबला.
चार दिवस, घराच्या जागी, तसूभर हलेना.
संगणकानं शेरा मारला: माहिती अपुरी.
पाचव्या दिवशी टॅब्लेट घरी ठेवून
मी एक थांबा आधी उतरले
आणि कुलपं वाचत गेले, अडखळत,
पहिलीतलं पोर पाट्या वाचतं तशी.

तिच्या निळ्या दारापाशी तिघी आधीच उभ्या.
एकीच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं,
एकीच्या काखेत वही.
गुलसुनायनं मला खालीवर न्याहाळलं.
"तुझ्याही लक्षात आलं म्हणायचं."
मग म्हणाली, लेक बाळंत झालीय नारीनला,
घाईत फोन घरीच राहिला,
गुरुवारी येईल.

बर्फात पाय बधिर झाले होते.
मी तिच्याच दुकानातून सपाता मागितल्या, छत्तीस नंबर,
बातमा एजेच्याच हातच्या.
खिसे उलटे केले, शंभर सोम कमी.
वहीवालीनं बोटाला थुंकी लावली, पान उलटलं.
"नाव सांग," म्हणाली,
"आणि उतरतेस कुठं ते."