सांवेर रोडची लादी

रात्री दीडला रामसनेही शटर अर्धं उचलतो.
बाहेर मे महिना, डांबर अजून दिवसाचंच मऊ.
आत अमोनियाचा वास, ओली गोणपाटं
आणि साच्यातून नुकत्याच निघालेल्या
नर्मदेच्या पाण्याच्या चार लाद्या.
तो सिल्ली म्हणतो, मी लादी म्हणते,
हेमांगी म्हणते, काहीही म्हणा, आधी उभ्या करा.

दोनावर दोन, दोरानं खांबाला आवळून
आमचा हा डोंगर : उंची साडेसात फूट,
आयुष्य चार वाजेपर्यंत.
मग टेम्पो येतो.

"मॅडम, तोड़ना ही है तो मशीन है ना,"
पहिल्या रात्री रामसनेही म्हणाला होता.
त्याला कसं सांगायचं की तोडायचं नाहीये.
कुऱ्हाडीचं टोक नुसतं बसावं, आणि कानाला कळावं :
धप्प म्हणजे धरेल,
खण्ण म्हणजे खाली पोकळ.
एकदा बसलं की मनगट हलवायचं नाही,
झोपलेल्या बाळाच्या मानेखाली अडकलेला हात
हलवत नाहीत तसं.

झांस्करच्या आडबाजूला एका डोंगराला
नकाशावर नाव नाही, नुसता आकडा आहे.
त्याच्या उत्तरेला, दोन काळ्या कातळांच्या मधून
बर्फाची एक रेघ उतरते,
गंध लावताना हात थरथरावा तशी वाकडी.
ती आम्हाला एका ट्रकवाल्याच्या फोनमध्ये सापडली.
फोटो त्यानं आपल्या नव्या ट्रकचा काढला होता.

जो पहिला चढेल त्यानं वाटेला नाव द्यावं, असा रिवाज.
हेमांगीनं चढायच्या आधीच देऊन टाकली.
खालची अरुंद चीर : बोहरा बाखल.
वर डोक्यावर आलेला कातळ : मिलचा भोंगा.
मधे, जिथे बर्फ संपून उघडा खडक लागतो
आणि बुटाच्या दातांना तांदळाच्या कणीएवढी जागा : जेल रोड.
खालून दोर सोडत मी ओरडायचे, कुठवर आलीस?
"जेल रोड! पार्किंग नाही!"

तिसऱ्या वर्षी माथा ऐंशी मीटर उरला.
तिथे बर्फ दुधावरच्या सायीएवढा.
साय खरवडली तर मागे गुळगुळीत कातळ,
नख शिरेल अशी फट नाही.
तिनं एक टोक सायीवर टेकवलं,
दुसरं कुठेच नाही.
अशी ती अकरा मिनिटं उभी होती,
घड्याळ माझ्या नाकासमोर होतं.
मग म्हणाली, "उतरू या,"
दुकान बंद निघाल्यावर म्हणावं, तशा आवाजात.

उतरताना थंडीनं तिच्या डाव्या हाताच्या
तीन बोटांची टोकं नेली.
लग्नाकार्यात कुणी विचारलं की ती सांगते,
बोहरा बाखलमध्ये पडली, गर्दी फार होती.

आता ती उलट्या बादलीवर बसून टॉर्च धरते.
माझे घाव मोजते. चुका मोजत नाही,
त्या मला ऐकू येतातच.
जानेवारीत मी जाणार, तिच्या भाचीला, शर्वाणीला घेऊन.
वरच्या ऐंशी मीटरांना नाव ठेवलेलं नाही.
ठेव म्हटलं तर म्हणते,
त्या गल्लीत आपण कुठे राहिलो?

लादीच्या पोटात एक पांढरी रेघ असते.
रामसनेही सांगतो, पाणी बाहेरून आत गोठतं,
क्षार, हवा, गाळ, नको ते सगळं सरकत सरकत
शेवटी तिथे येऊन थांबतं.
मी मुद्दाम तिथेच मारते.
खण्ण.

सकाळी दहाला पाटनीपुऱ्यात, उसाच्या रसाच्या गाडीवर
त्यानं गोणपाट बाजूला केलं, तर आमचीच लादी,
अर्धी उरलेली, चाळणीसारखी.
"पता नहीं किसने छेद कर दिए," तो म्हणाला.
हेमांगीनं आपलं एक आखूड बोट भोकात घातलं.
आत गेलं, नीट बसलं.
ती थोडा वेळ तशीच उभी राहिली,
पाणी कोपरापर्यंत ओघळू देत.
"धरलं असतं," म्हणाली.
"पण हे अजून बोटभर डावीकडे हवं होतं."