पाण्यात पाहणे

पाण्यात पाहणं म्हणजे दावा धरणं,
असं आपण म्हणतो.
कुओपिओच्या प्रयोगशाळेत हिल्का
अकरा वर्षं माणसांना पाण्यात पाहते आहे
आणि तिचं कुणाशी वैर नाही.

कण्यातून थेंब थेंब उतरलेलं पाणी,
मेंदू ज्यात तरंगतो ते.
इतकं नितळ की नळी रिकामी वाटावी.
पहिले थेंब टाकून द्यायचे,
सुईने दुखावलेलं रक्त असतं त्यांत.
नळी काचेची चालत नाही,
अमायलॉइड काचेला धरून बसतं
आणि मग वाटतं, नव्हतंच.

आधी अल्ब्युमिन बाजूला करायचं. तेच फार.
सभेत एकटाच बोलत राहणारा असतो ना, तसं.
तो उठून गेला की कोपऱ्यातले ऐकू येतात:
टाऊ, न्यूरोफिलामेंट,
आणि आपण कशासाठी आहोत
हे अजून कुणालाच न सांगितलेले काही.
यंत्र रात्रभर त्यांचे तुकडे तोलतं.

आज नळी दोनशे सहा. गट: निरोगी.
टाऊ चढलेलं,
अमायलॉइड उतरलेलं.
उतरलेलं म्हणजे बरं नव्हे.
खाली पाण्यात आलं नाही
म्हणजे वर अडलं, गाळ होऊन.
वडील बर्फाला भोक पाडून तासन् तास बसायचे,
गळ कोरा आला तर म्हणायचे,
सरोवर रिकामं नसतं गं,
कुठेतरी दाटून बसलेत.

ती पुन्हा मोजते.
तेच.

निरोगी गटात एकशे बारा नळ्या.
मार्चमध्ये दोन माणसं कमी पडत होती,
तेव्हा ती आणि भांडारातला ओस्मो
गुडघे पोटाशी घेऊन, पाठीची कमान करून
एकामागोमाग एक त्याच पलंगावर निजले होते.
कुठल्या आकड्यामागे कोण, ती यादी
तास्किनेनबाईंच्या कपाटात.
निकाल कळवू नये, या चौकोनात
दोघांनी हसत फुली मारली होती.

उपाहारगृहात राईची भाकरी, माशाचं सूप.
ओस्मो खिसे चाचपतो.
‘माझ्या किल्ल्या पाहिल्यास?’
पट्ट्यालाच लटकताहेत.
ती बोट दाखवते, तो खो खो हसतो,
आणि तिच्या मनात येऊन जातं:
हाच असू दे.

एका घोटाएवढा वेळ, फार नाही.
मग ती ग्लास खाली ठेवते.
त्यातलं पाणी हलायचं थांबेपर्यंत
तिला त्याच्याकडे बघता येत नाही.