पाठीला कळतं

आप्पा पोतं न फोडता सांगायचे—
ही राजापुरी. ही सेलम. ह्यात ओल हाय.
ह्याच्या बुडाला खडं घातल्यात,
शिवण बघ, दोनदा मारलीया.
"फोडायचं कशाला? पाठीला कळतंय की."

एकतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
दुसऱ्यांची गुपितं वाहिली त्यांनी
आणि बोलले नाहीत.
वाटेवरच्या सगळ्याच पाठी अशा मुक्या नसतात.

मी विश्रामबागेत, रात्री साडेदहाला,
स्क्रीनवरच्या नऊ चौकटींपुढे बसते.
कुणाकडे सकाळ, कुणाकडे मूल रडतंय.
निरोप कुलूपबंद असावा,
की असलाच पाहिजे?
एका 'च'साठी दुसरा महिना चाललाय.
(नुसत्या 'असावा'ची किंमत
आमच्या गल्लीतल्या नळाला विचारा.)

कुलूप लागलं ना, मग आता काय, एक जण म्हणतो.
मी म्हणते, वजन.
जतची एक पोरगी मध्यरात्री
मिरजेच्या दवाखान्याला काही विचारते.
अक्षर कुणाला दिसत नाही.
पण तीन बारके निरोप, एक जाडजूड उत्तर,
मग पहाटेपर्यंत काहीच नाही—
पाठीला कळतं.

म्हणून सगळी पोती एका मापाची करा.
हलक्यात भुसा भरा.
"भुशाचा खर्च कोण देणार?"

शंभराचं पोतं पन्नासाचं झालं तेव्हाही
पेढीवरून हाच प्रश्न आला होता.
त्याआधीचा शंभराचा आकडा
कधीही पोतं न उचललेल्या कुणीतरी
पंख्याखाली बसून लिहिला असणार.
तो अजून आप्पांच्या मणक्यात आहे.

आणि हो, रुमालही आठवतो मला.
रुमालाखाली दोन हात, बोटं दाबून भाव,
आणि जिची हळद ती बाई बाहेर उन्हात उभी.
झाकलेलं सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाही.
कोण कुणापासून झाकतंय, ते बघा.
हे इंग्रजीत जमेना,
तेव्हा ओढणी हातावर टाकून दाखवलं.
नऊ चौकटी गप्प. एकीचं मूलसुद्धा.

एक वाजता आप्पा पाण्याला उठले.
कुशीवरच झोपतात, पाठीवर जमत नाही.
"ठरलं का?"
नाही.
"मग शिवण मारू नको अजून."